मदत हवी आहे: वर्डचं टेम्प्लेट सगळ्या शाखांत एकसारखं कसं ठेवायचं?

नमस्कार मंडळी. सांगलीत आमची छोटी पतसंस्था आहे, मुख्य कार्यालय आणि पाच शाखा. कर्जमंजुरीची पत्रं, थकबाकीच्या नोटिसा, सभेची इतिवृत्तं सगळं वर्डमध्ये. पद्धत एकच: जुनी नोटीस उघडायची, नाव-रक्कम बदलायची, सेव्ह ॲज. मागच्या महिन्यात एका नोटिशीत आधीच्या कर्जदाराची रक्कम तशीच राहिली. मग ज्यांना ती नोटीस गेली ते काउंटरवर येऊन जे बोलले, ते विचारू नका.

म्हणून मी बसून वर्डचं डॉटएक्स (.dotx) टेम्प्लेट, म्हणजे कोरा नमुना, केलं, शीर्षक-मजकुराच्या स्टाइल्स लावून. आधी मराठीचा आकार बदलेचना. नंतर कळलं, स्टाइलमध्ये देवनागरीसाठी कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा (वर्ड देवनागरीसारख्या लिप्यांना असं म्हणतं) फॉन्ट नि साइज वेगळा द्यावा लागतो. त्यात दोन दिवस गेले!

आता खरी अडचण. टेम्प्लेटवर डबल क्लिक केलं की नवीन कागद उघडतो, पण आमचे लोक वर्डमधूनच फाइल-ओपन करतात आणि मूळ टेम्प्लेटवरच सेव्ह मारतात. इथे शेअर्ड फोल्डर रीड-ओन्ली केला, वर्डमध्ये वर्कग्रुप टेम्प्लेट्सचा (सगळ्यांसाठीची टेम्प्लेट्स वर्ड जिथे शोधतं त्या फोल्डरचा) पत्ताही तोच दिला. शाखा मात्र आमच्या नेटवर्कवर नाहीत. तिकडे व्हॉट्सॲपवर पाठवतो, मग कुणाकडे जुनी आवृत्ती, कुणाकडे नवी.

शिवाय जुना श्रीलिपीतला (युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमधला) मजकूर चिकटवला की नुसती अगम्य अक्षरं. तो युनिकोडमध्ये (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) आणायला तुम्ही काय वापरता? आणि शाखांत नवी आवृत्ती कशी पोचवता? वेगळा खर्च संचालक मंजूर करणार नाहीत, हे धरूनच सांगा.