मदत हवी आहे: क्वांट फायनान्ससाठी कार्नेगी मेलन की बरूक?

नमस्कार मंडळी, धाकट्या बहिणीसाठी विचारतोय. तिला क्वांट फायनान्समध्ये, म्हणजे गणिती मॉडेल्स वापरून होणाऱ्या वित्तीय कामात, जायचंय. पुण्यात सांख्यिकीत एमएस्सी केलंय, दोन वर्षं एका बँकेत रिस्क मॉडेलिंग करतेय. अमेरिकेत दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय: कार्नेगी मेलनचा कॉम्प्युटेशनल फायनान्सचा कोर्स आणि न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजचा फायनान्शियल इंजिनिअरिंगचा.

कार्नेगी मेलनचा कोर्स १९९४ पासूनचा, १६ महिन्यांचा, मधल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप. नाव इथल्या नातेवाइकांनाही माहीत. बरूक मात्र कुणी ऐकलेलंच नाही! पण ते सरकारी विद्यापीठाचं कॉलेज, त्यामुळे फी बरीच कमी. वर्ग छोटा, कॉलेज थेट मॅनहॅटनमध्ये. व्होलॅटिलिटीवर (बाजारभावातल्या चढउतारांवर) काम करणारे जिम गॅदरल तिथले प्राध्यापक, म्हणून तिचा ओढा तिकडेच आहे. मलाही मनापासून तेच बरोबर वाटतं. बाबा म्हणतात, नावाला किंमत असते. कर्ज घरावर काढायचंय, त्यामुळे त्यांचं बोलणं उडवून लावता येत नाही.

तिला डेरिव्हेटिव्हजचं (शेअरसारख्या दुसऱ्या मालमत्तेवर किंमत अवलंबून असलेल्या करारांचं) प्रायसिंग, म्हणजे किंमत काढायचं काम करायचंय, ट्रेडिंग नको. पायथन पक्कं आहे, सी++ जेमतेम.

या क्षेत्रात असलेल्यांनी कृपया सांगा, पहिली मुलाखत मिळेपर्यंत विद्यापीठाच्या नावानं खरंच किती फरक पडतो? ओपीटीची (शिक्षणानंतर अमेरिकेत काही काळ काम करायची परवानगी) स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणित विषयांसाठीच्या मुदतवाढीसह तीन वर्षं संपल्यावर कामाचा व्हिसा नाही मिळाला आणि मुंबईला परतावं लागलं, तर इथले क्वांट डेस्क (बँकांमधले असं काम करणारे गट) बरूकला ओळखतात का? आणि ऑगस्टपर्यंत तिनं सी++ वर भर द्यावा की स्टोकॅस्टिक कॅल्क्युलसवर (यादृच्छिक बदलांच्या गणितावर)?

डिपॉझिट भरायला दहा दिवस उरलेत.