मदत हवी आहे: ऊसतोड कुटुंबांचे आर्थिक गट कसे पाडावेत?

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांतल्या बायकांच्या रक्तक्षयावर प्रबंध आहे, सुमारे 400 घरं. आर्थिक गट पाडताना गाडी अडलीय.

आधी बी. जी. प्रसाद श्रेणी (उत्पन्नावरून कुटुंबाचा आर्थिक वर्ग ठरवणारी) लावली, ग्राहक किंमत निर्देशांकानुसार सुधारून. पण तिला दरडोई मासिक उत्पन्न लागतं. इथे मुकादम (मजूर पुरवणारा ठेकेदार) कोयत्यामागे, म्हणजे तोडणाऱ्या जोडप्यामागे, उचल (आगाऊ रक्कम) देतो, ती हंगामभर तोड करून फेडायची, नाही फिटली तर पुढच्या हंगामावर. मग ती उत्पन्न धरायची की कर्ज? बाराने भागून येणारा आकडा फसवाच वाटतो. (कुप्पुस्वामी ही दुसरी श्रेणी नको, ती शहरी कुटुंबांसाठी आहे.)

मग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या धर्तीवर मालमत्ता निर्देशांक केला, प्रिन्सिपल कंपोनंट अ‍ॅनालिसिसने (अनेक वस्तूंच्या माहितीतून मोजके घटक काढून प्रत्येक वस्तूला भार देणारी सांख्यिकी पद्धत). वीज, मोबाइल जवळपास सगळ्यांकडे, म्हणून वगळले. फ्रीज, मोटारसायकल, पक्कं छत नीट बसतं. बैलजोडीचा भार मात्र उणे येतो! म्हणजे गाडीवानाचं घर बैलांमुळेच गरीब ठरतं. अर्थात, बैल बऱ्याचदा उचलीतूनच घेतलेले असतात. सर्वेक्षणाच्या देशपातळीवरच्या सीमा लावल्या तर बहुतेक घरं खालच्या दोन पंचमांशांत जातात, तुलनेला काही उरत नाही.

पाहणी उन्हाळ्यात, मंडळी गावी परतल्यावर उरकली. नवे प्रश्न विचारणं आता शक्य नाही. स्टाटा हे सांख्यिकी सॉफ्टवेअर वापरतेय.

बैल, शेळ्या, जमीन निर्देशांकातून काढून टाकू, की त्यांचा दुसरा घटक वेगळा ठेवून दोन्ही रिग्रेशनमध्ये घालू? आणि पाचाऐवजी तीनच गट केले तर परीक्षकांना चालतं का?