मदत हवी आहे : कोल्हापुरातील कॅथलिक शाळेची जुनी कागदपत्रे

कोल्हापुरातील एका कॅथलिक धर्मग्रामाच्या (एका चर्चच्या क्षेत्राच्या, म्हणजे पॅरिशच्या) शाळेचा इतिहास आम्ही माजी विद्यार्थी लिहीत असून, शाळेचे जनरल रजिस्टर आणि चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या पाहून झाल्या आहेत. मात्र स्थापनेची परवानगी, जागा व सुरुवातीचे अनुदान यांविषयी त्यांत काहीच नाही. १८५२ पासून येथे काम करणारे अमेरिकन मिशन प्रोटेस्टंट होते, तेव्हा त्याचे अहवाल कृपया सुचवू नयेत (हा घोळ नेहमीचाच). छायाप्रती चालतील, मोडी वाचणारे आमच्यात आहेत. १९४९ मधील विलीनीकरणापूर्वीची संस्थानच्या शिक्षण खात्याची दप्तरे पुराभिलेखागारात पाहण्यासाठी अर्ज कसा करावा, आणि २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून (बिशपच्या अखत्यारीतील विभागातून) कोल्हापूरसह सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाल्यावर जुना पत्रव्यवहार पुण्यातच राहिला की नव्या धर्मप्रांताच्या मुख्यालयी, सावंतवाडीला गेला?