स्कॉटिश लोक 'ब्रिटिश' कसे झाले? जाणकारांची मदत हवी आहे

ब्रिटिश राष्ट्रीय अस्मिता कशी घडली, याविषयी मार्गदर्शन हवे आहे. माझा प्रश्न मुख्यतः स्कॉटलंडबद्दल आहे.

१ मे १७०७ रोजी इंग्लंड आणि स्कॉटलंड यांची एक संसद झाली, तेव्हा स्कॉटलंडमधील सामान्य लोकांना ती नको होती, हे एडिंबरा आणि ग्लासगो येथे झालेल्या दंगलींवरून दिसते. पनामातील डेरिएन येथे वसाहत वसवण्याच्या फसलेल्या योजनेत अनेकांचे भांडवल बुडाले होते, आणि करारात ठरलेल्या ३,९८,०८५ पौंडांच्या रकमेतून त्यांचीही भरपाई व्हायची होती. म्हणजे हा मुळात व्यवहार होता. पुढे १७४५ चा जॅकोबाइट (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांचा) उठाव १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर चिरडला गेला आणि हायलँडमधील, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ भागातील, पुरुषांना पारंपरिक पोशाख घालण्यास कायद्याने बंदी झाली. ही बंदी १७८२ पर्यंत टिकली, परंतु सैन्यात असलेल्यांना ती लागू नव्हती. जो पोशाख गावात गुन्हा ठरत होता तोच राजाच्या पलटणीत गणवेश होता, आणि मला सगळ्या प्रश्नाचे मूळ या एका तरतुदीत दिसते. १८०३ साली आपल्याकडे असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून आलेल्यांत ७४ आणि ७८ क्रमांकाच्या हायलँडर पलटणी होत्या, तर त्यांचे नेतृत्व करणारा आर्थर वेलस्ली जन्माने आयरिश होता.

इतिहासकार लिंडा कॉली यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार प्रोटेस्टंट धर्म, फ्रान्सशी वारंवार झालेली युद्धे आणि साम्राज्य यांतून ही अस्मिता घडली. यांपैकी धर्माचा मुद्दा मला पुरता पटत नाही. इंग्लंडच्या चर्चमध्ये बिशप (वरिष्ठ धर्माधिकारी) होते, पण स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन चर्च बिशप मानत नव्हते आणि त्याचे वेगळेपण १७०७ मध्ये कायद्यानेच राखले गेले. शिवाय हायलँडच्या काही भागांत कॅथलिक कुटुंबे होतीच. सैन्यातील आणि कंपनी सरकारातील नोकऱ्यांनी आधी पोटाची सोय केली आणि आपलेपणा मागाहून आला, असे माझे मत होत चालले आहे.

या मताच्या बाजूने किंवा विरुद्ध काही पुरावा कोणी सुचवू शकेल का? विशेषतः साध्या हायलँडर शिपायांची पत्रे किंवा आठवणी छापील स्वरूपात मिळतात का, आणि ते स्वखुशीने भरती झाले की जमीनदाराच्या दबावामुळे कुळांना मुलगे पाठवावे लागले, हे कोणत्या कागदपत्रांतून तपासता येईल, ते कृपया सांगावे.