नर्मदा परिक्रमा पायी, पण सावकाश: रोज १५ किमीने जमते का?

निवांत_वाटसरू
नर्मदे हर मंडळी! मी ६१, सौ. ५७, दोघंही आत्ताच रिकामे झालोय नोकरीतून. यंदा कार्तिकीनंतर ओंकारेश्वरहून परिक्रमा उचलायचं चाललंय. चालायची सवय आहे पण स्पीड नाही, आणि जो तो सांगतो की रोज २५-३० किमी, चार महिन्यांत खल्लास. आम्हाला असं पळायचं नाहीये. रोज १५ च्या आसपास चालून चातुर्मास लागायच्या आत होईल का? की खंड परिक्रमा, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी केलेली, बरी? आणि मुक्काम आधी ठरवून ठेवायचे असतात का, की जाऊ तिथे बघायचं?

डोंगरवेडा
काका, हिशोब सोपा आहे. नदी १३१२ किमी, दोन्ही काठ धरून २६०० च्या वर, आणि वळसे पकडून ३००० च्या पुढेमागे धरा. कार्तिकी ते आषाढी म्हणजे साधारण २३५ दिवस. १५ ने चाललात तर २०० दिवस, म्हणजे महिनाभर विश्रांतीला उरतो, कागदावर मस्त बसतंय. पण रोज १५ असं कधीच होत नाही, कारण अंतर तुमचे पाय ठरवत नाहीत, पुढचा आश्रम कुठे आहे ते ठरवतं. कुठे १० वर सोय असते, कुठे २२ शिवाय काहीच नाही. त्यामुळे सरासरी १५ धरा आणि त्यासाठी २०-२२ चा दिवस अधूनमधून झेपला पाहिजे.

इंदिरासागर, बर्गी, सरदार सरोवर ह्या धरणांच्या फुगवट्याने जुना काठ बऱ्याच ठिकाणी गेलाय, तिथे आतून डांबरी रस्त्याने जावं लागतं. मॅपवर काठाकाठाने अंतर मोजू नका, फसाल.

रेवाकाठची
नर्मदे हर. मला हा सगळा किलोमीटरचा हिशोबच पटत नाही खरं तर, मैया चालवते तसं चालायचं, पण ठीक आहे, दादा म्हणतात ते घरच्यांना सांगायला तरी उपयोगी पडेल 😄

जोडीने जाताय तर एक सांगते, आश्रमात १५-२० जणांचा ग्रुप भेटतो आणि आपण नकळत त्यांच्या मागे धावायला लागतो, कारण एकटं पडायची भीती वाटते. त्यांना जाऊ द्या. मागून दुसरे येतातच. पहाटे लवकर निघायचं, ११ च्या आत निम्मंअर्धं उरकायचं, दुपारी एखाद्या घाटावर आंघोळ, सदावर्त (फुकट मिळणारा कोरडा शिधा) मिळालं तर दोन टिक्कड (जाड रोट्या) थापायचे, चारच्या सुमारास मुक्काम बघायचा. अंधार पडेपर्यंत चालत राहिलं की आश्रमात जागा कोपऱ्यातली मिळते. मुक्काम आधी बुक वगैरे करायची पद्धत नाही, गावात विचारलं की कोणी ना कोणी "बाबाजी, माताजी, इकडे या" म्हणतंच.

अर्धपोटी_पांथस्थ
दोन टप्पे मात्र ठरवूनच करा. पहिला, बडवानीपुढची शूलपाणीची झाडी, म्हणजे डोंगराळ जंगल. चढ-उतार आहेत, वस्ती विरळ, तिथे १५ चा हट्ट चालत नाही. गुडघे साथ देत नसतील तर खेतिया-शहादा-प्रकाशा असा बाहेरून रस्ता आहे, पुष्कळ जण तोच धरतात आणि त्याने परिक्रमा काही अपुरी होत नाही (ह्यावर वाद घालणारे भेटतील, त्यांना नर्मदे हर म्हणून पुढे जावं). दुसरा, विमलेश्वर ते मिठी तलाई, नर्मदा समुद्राला मिळते तिथे बोटीने पलीकडच्या काठावर जायचं असतं. बोट भरतीच्या वेळेवर सुटते, गर्दी असली की थांबावं लागतं, तेवढे दिवस हातात ठेवा.

आणि सॅक! सगळ्यांच्या पाठीवर सुरुवातीला अख्खं घर असतं. दोन जोड कपडे, पांघरूण, ताटली-तांब्या, औषधं, झालं. पाच-सहा किलोच्या वर नेऊ नका. बूट नवेकोरे घालून निघू नका, आधी घरी दीडदोनशे किमी चालून घ्या त्याच बुटांत. अमरकंटकला, म्हणजे उगमापाशी, उंची हजार मीटरच्या वर आहे, थंडीत पोचलात तर स्वेटर लागेलच, पण तुमच्या गतीने तिथे पोचेस्तोवर थंडी ओसरलेली असेल. त्रास शेवटच्या टप्प्यात, अमरकंटकहून परतताना, तेव्हा वैशाखाचं ऊन असणार. म्हणून विश्रांतीचे दिवस सुरुवातीला उडवू नका.

निवांत_वाटसरू
वा, खूप उपयोगी माहिती. झाडी बाहेरून करू असं सौ. आत्ताच म्हणाली. पण मध्येच घरी यायची वेळ आली तर? नदी ओलांडायची नाही हे माहितीये, पण स्टेशन किंवा दवाखाना पलीकडच्या काठावर असला तर काय करतात?

डोंगरवेडा
काका, उपनद्या ओलांडता येतात, नर्मदा नाही, पुलावरूनही नाही. म्हणून आपल्या काठावरचं मोठं गाव आधी बघून ठेवायचं. परतीच्या दक्षिण काठावर नर्मदापुरमला स्टेशन आहेच. जीवावर बेतलं तर मात्र नियमबियम बघू नका, सरळ पूल ओलांडून दवाखाना गाठा, पुढचं नंतर तिथल्या जाणत्यांना विचारा. साधं घरी जायचं असेल तर जिथे थांबलात तो घाट लक्षात ठेवून तिथूनच परत सुरू करायची, खंड परिक्रमावाले तेच करतात. सौं.ना पण आत्तापासून सॅक पाठीवर घेऊन चालायला लावा, नाहीतर सगळं वजन तुमच्याकडे येणार 😀