सेवेसाठी परदेशी गेलेल्या मिशनरी कुटुंबांचे रोजचे जगणे : आपले अनुभव लिहा

१८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईत उतरले, तेव्हापासून परदेशी मिशनरी मराठी मुलखात कसे रुळले याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण मिरज, नगर, कोल्हापूरकडची जी ख्रिस्ती कुटुंबे सेवेसाठी देशाबाहेर गेली, त्यांचे घरगुती अनुभव क्वचितच वाचायला मिळतात. कार्याचा अहवाल नको. स्वयंपाक, शाळा, शेजार यांविषयी मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

तानसेन, नेपाळ

माझे पती तेथील मिशन रुग्णालयात कामाला लागले आणि २००८ साली आम्ही गोरखपूर, सोनौली, बुटवल असे करत घाटातल्या बसने तानसेनला पोहोचलो. लिपी देवनागरीच असल्यामुळे भाषा चटकन येईल, असा माझा समज होता. शेजारच्या दिदींना आमटी नेऊन दिली, तेव्हा त्या चव घेऊन ‘मिठो छ’ म्हणाल्या आणि मीठ जास्त पडले असे वाटून मी ओशाळले. मिठो म्हणजे रुचकर, आणि मिठाला तिकडे नून म्हणतात, हे त्यांनीच मला समजावले. डाळभात सकाळी दहाच्या सुमारास आणि पुन्हा संध्याकाळी जेवायची तिकडची रीत. आमच्या मुलांना मात्र दुपारी एकला कडकडून भूक लागे. त्या हिवाळ्यात वीज दिवसातून सोळा-सोळा तास जात असे.

सर्वांत जड गेला तो रविवार. सुट्टी शनिवारी, म्हणून उपासनाही शनिवारी, आणि रविवारी मुले दप्तर घेऊन शाळेत निघत. लहानपणापासून ज्या दिवशी मी चर्चला गेले, त्या दिवशी कपडे धूत बसणे मला वर्षभर चुकल्यासारखे वाटत राहिले.

दसैंला, म्हणजे तिकडच्या दसऱ्याला, वडीलधारी माणसे दही, तांदूळ आणि शेंदूर कालवून कपाळी टीका लावतात व आशीर्वाद देतात. आमच्या मंडळीतले लोक टीका घेत नसत, आणि दिदींच्या सासूबाईंनी तर आमच्यासाठीही ताट तयार ठेवलेले. मी त्यांच्या पाया पडले, टीका लावू नका अशी हात जोडून विनंती केली, त्यांच्या घरी जेवले. त्या दिवशी त्या गप्पच होत्या. चार दिवसांनी मुलांसाठी सेलरोटी पाठवली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

किटवे, झांबिया

आमचे फार अडले नाही. पांढऱ्या मक्याच्या पिठाची न्शिमा हातानेच खायची असते, आणि पालेभाजीत शेंगदाण्याचे कूट घालून केलेली इफिसाशी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा पत्नीला माहेरची आठवण आली. गाडीही आपल्यासारखीच डावीकडून चालते. घरातल्यांचे मलेरियाचे दुखणे मात्र कठीण गेले.

पाटण, नेपाळ (मी तेव्हा शाळेत होतो)

नेपाळीत ‘ळ’ नाही, म्हणून शाळेत माझ्या आडनावात ‘ल’ आला. वर्ष विक्रम संवताचे, म्हणून माझे जन्मसाल २००१ ऐवजी २०५८ झाले. घड्याळ भारतापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असल्यामुळे मिरजेला आजीला फोन करताना आधी हिशोब करावा लागे. परत येऊन बरीच वर्षे झाली, तरी भूक लागली की माझ्या तोंडून अजून ‘भोक लाग्यो’ असेच येते. आजीला त्याचा अर्थ आता ठाऊक आहे, ती काही न विचारता ताट वाढते.