मदत हवी आहे: परळीला छोटी अणुभट्टी? पाण्याचा हिशोब तपासून द्या

नमस्कार मंडळी,

मी अंबाजोगाईकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. येत्या रविवारी गावच्या वाचनालयात 'हवामान बदल आणि आपली वीज' यावर बोलायचं आहे. समोर शेतकरी, बारावीची पोरं आणि वीज खात्यातून निवृत्त झालेली काही जाणती माणसं असतील. फेब्रुवारी 2025च्या अर्थसंकल्पात 2047पर्यंत 100 गिगावॉट अणुवीज आणि 2033पर्यंत किमान पाच देशी छोट्या अणुभट्ट्या असं जाहीर झालं. बंद होणाऱ्या कोळसा केंद्रांच्या जागी त्या बसवता येतील असंही सरकार म्हणतं. तेव्हापासून इकडं एकच विचारणा: मग परळीला का नको?

विचारणा रास्त आहे. परळीच्या कोळसा वीज केंद्राचे 210 मेगावॉटचे जुने संच बंद झाले, आता 250चे तीन आहेत. जागा आहे, टॉवर लाइन आहे, संच चालवणारी माणसं आहेत. कार्बनचं म्हणाल तर शंकाच नको. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान अभ्यास मंडळाच्या 2014च्या अहवालात खाणीपासून शेवटापर्यंतचं सगळं धरून अणुविजेचा मध्यक आकडा युनिटमागे कार्बन डायऑक्साइडच्या हिशोबात 12 ग्रॅम आहे, कोळशाचा 820. सौर कृषी वाहिनीची वीज जिथं दिवसा मिळायला लागली, तिथं ऐन थंडीत मध्यरात्री हातात बॅटरी घेऊन गव्हाला दारं धरायला जाणं थांबलं, हे मी बघतोय. पण कारखाने, दवाखाने, घरं रात्रीही चालतात. 2070पर्यंत देशाला निव्वळ शून्य उत्सर्जन गाठायचं असेल तर रात्रीचा कोळसा कशानं काढायचा, याचं एक उत्तर अणुवीज आहे असं मला मनापासून वाटतं.

घोडं अडतंय ते पाण्यापाशी. 2015 साली पाण्याअभावी परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं. 2016ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. म्हणून हा हिशोब मांडला:

220 मेगावॉटची एक भट्टी चोवीस तास पूर्ण क्षमतेनं चालली तर 52 लाख 80 हजार युनिट. कूलिंग टॉवरमधून वाफ होऊन जाणारं पाणी युनिटमागे अडीच लिटर धरलं, तर दिवसाला 1 कोटी 32 लाख लिटर. लातूरची 50 वाघिणींची गाडी एका खेपेला 25 लाख लिटर आणायची. म्हणजे एका छोट्या भट्टीला रोज तसल्या पाच गाड्या, वर थोडं अजून.

अडीच लिटर धरलं ते बरोबर आहे का? दुसरं, कोळसा केंद्रांना 2015च्या अधिसूचनेनं युनिटमागे साडेतीन लिटरची मर्यादा घालून दिली. त्यावरून 'अणुभट्टीला कोळशापेक्षा कमी पाणी लागतं' असं वाचनालयात एक जण छातीठोकपणे सांगून गेले. तसं सांगू का? आणि जवळ समुद्र नाही, बारमाही नदी नाही, अशा ठिकाणी जगात कुठं अणुकेंद्र चालतंय का?

(औंढा नागनाथच्या प्रकल्पावर उत्तरं नकोत. तो अणुऊर्जा विभागाकडे असला तरी लायगो ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा आहे, तिथं वीज होणार नाही. किरणोत्सर्ग आणि फुकुशिमावर वेगळा धागा काढतो.)

तापीकाठ:
सर, अडीच लिटर योग्य धरलंत. साडेतीनशी मात्र तुलना करू नका. ती कमाल मर्यादा आहे, शिवाय कोळसा केंद्रात राख वाहून न्यायलाही पाणी जातं. निव्वळ थंड करण्यापुरतं पाहिलं तर अणुभट्टीलाच जास्त लागतं. कोळशाची काही उष्णता धुराड्यातून निघून जाते, इथं तो मार्ग नाही. त्यात अणुभट्टीची वाफ कमी तापमानाची. तीन भाग उष्णतेतला जेमतेम एक भाग वीज होतो, उरलेले दोन जवळजवळ सगळे पाण्याच्या माथी. म्हणून तारापूर समुद्रावर आहे, काकरापारला तापीचं पाणी आहे, रावतभाट्याला चंबळचं, कैग्याला काळी नदीचं.

निवडुंग:
वाळवंटातलं उदाहरण आहे. अमेरिकेत ॲरिझोनात पालो व्हर्डे, तीन मोठ्या अणुभट्ट्या, जवळ नदी ना समुद्र. फिनिक्स परिसरातलं सांडपाणी शुद्ध करून त्यावर चालतं. लातूरच्या सांडपाण्याचा विचार करता येईल का?

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. धुराड्याचा मुद्दा पोरांना फळ्यावर आकृती काढूनच दाखवतो.

निवडुंग, कल्पना चांगली आहे, पण फिनिक्सएवढं शहर आपल्याजवळ नाही. 2011च्या जनगणनेत लातूर शहर पावणेचार लाखांच्या आसपास होतं. आणि ज्या वर्षी नळालाच पाणी नाही, त्या वर्षी सांडपाणी कुठून येणार? नेमक्या त्याच वर्षी भट्टी थांबवावी लागेल, आणि टॅंकर, बोअर, दवाखाने यांना विजेची निकड तेव्हाच जास्त.

तर रविवारी मी असं मांडणार आहे: देशानं अणुवीज वाढवावी, ती समुद्रकाठी किंवा खात्रीच्या पाण्यावर व्हावी आणि तारांनी इकडं यावी. पाण्याची लेखी हमी मिळेपर्यंत परळीसाठी तिची मागणी करू नये. परळीची जागा आणि लाइन सौर वीज नि बॅटरी साठवणीसाठी मागावी. हवामान बदलानं इथला पाऊस आणखी बेभरवशाचा होणार असेल, तर कार्बन वाचवताना पिण्याचं पाणी गहाण टाकता येणार नाही.

आता दोन गोष्टी हव्यात. पाटबंधारे खात्यात काम केलेलं कुणी असेल तर टंचाईच्या वर्षांत माजलगाव धरणातून वीज केंद्राला किती पाणी मिळालं, ते आकडे कुठल्या कार्यालयात बघायला मिळतील? आणि पाण्याऐवजी हवेनं थंड करायची पद्धत 42-43 अंशांच्या उन्हाळ्यात किती वीज खाते, हे प्रत्यक्ष काम केलेल्यांपैकी कुणी सांगेल का? शनिवारपर्यंत कळलं तर बरं होईल.